आबांचं लोकेशन

"पण तुम्ही सांगाल ना आबांना, बुवा?"

"काय सांगू?"

"हेच, की गाव गेलं. निगडवली आता नाही. आपलं घर पुण्यात आहे, तिसऱ्या मजल्यावर."

भैरवगीर बुवा पळसाच्या द्रोणातली करवंदं निवडत बसले होते. पिकलेली एका बाजूला, हिरवी दुसऱ्या. त्यांनी एक हिरवं उचललं, तोंडात टाकलं आणि एक डोळा मिटून घेतला.

"आंबट हाय," ते म्हणाले.

सुयोगनं मनातल्या मनात कपाळाला हात लावला. सकाळी पुण्याहून निघायचं, घाट उतरायचा, धरणाच्या काठाला गाडी लावून आबांचा हात धरून वाळलेल्या चिखलाच्या पोपड्यांवरून इथवर यायचं, आणि हे करवंदाची चव सांगतायत!

पण बुवांवर रागवायची सोय नव्हती. कोंडिबा उतेकरांनी, म्हणजे सुयोगच्या वडिलांनी, आबांनी, तरुणपणी या गोसाव्याला गुरू केलेलं. तेव्हापासून आबांनी दुनियेत कुणाचं ऐकलं असेल तर ते बुवांचं. बायकोचं नाही, तलाठ्याचं नाही, डॉक्टरचं तर नाहीच नाही. बुवा म्हणाले तंबाखू सोड, सोडली. बुवा म्हणाले पाणी चढायच्या आधी घर सोड, सोडलं. आता बुवांनी एकदाच म्हणायचं होतं की कोंडिबा, तुझं घर पुण्यात आहे. एवढं काम झालं की सुयोग परत जायला मोकळा होता.

धरण झालं तेव्हा गावातले लोक कुणी पुनर्वसनाच्या माळावर गेले, कुणी पुण्या-मुंबईला. बुवा कुठंच गेले नाहीत. त्यांनी पाण्याच्या काठाला झोपडी घातली. पावसाळ्यात पाणी चढलं की झोपडी वर न्यायची, उन्हाळ्यात उतरलं की खाली आणायची. वैशाखात पाणी पार आटलं की जुनी निगडवली उघडी पडते. भिंती नाहीत, छपरं नाहीत, नुसती जोती, उंबरे आणि देवळाच्या पायऱ्या. तेवढ्या थोड्या दिवसांत जुनी माणसं येतात, आपापल्या उंबऱ्यावर हळदकुंकू वाहतात, चिमूटभर माती पदरात बांधतात आणि जातात. त्या दिवसांत बुवांची झोपडी थेट वेशीपाशी असते.

"सोमवारी न्यायचं ठरलंय त्यांना," सुयोग म्हणाला.

"कुटं?"

"एक केंद्र आहे. विसरणाऱ्या माणसांसाठी. चांगलं आहे, बाग आहे, नर्स असतात..." तो थांबला. "दारांना बाहेरून कुलपं असतात."

बुवांनी करवंदं निवडायचं थांबवलं.

"त्यानं कुनाला मारलं?"

"नाही हो! मारतील कशाला. रोज दिवेलागणीला उठतात, टोपी घालतात आणि म्हणतात, चल, घरी चल. मी म्हणतो, आबा, हे घरच आहे. तर माझ्याकडे असे बघतात, की मी त्यांना फसवतोय. मग डोळा चुकवून निघतात. मागच्या महिन्यात हायवेच्या दुभाजकावर बसलेले सापडले. ट्रक जातायत दोन्ही बाजूंनी, आणि हे मधे बसून विचारतायत, एस्टी कधी येणार?"

त्यानं मधला द्रोण बाजूला सरकवला.

"तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. तुमचंच ऐकतात. नाहीतर मग सोमवार आहेच."

"तू कसं सांगतोस त्याला?"

"मी दाखवतो."

"काय दाखवतोस?"

"नकाशा!"

आता मात्र सुयोग सावरून बसला. विषय त्याच्या कामाचा निघाला होता. त्यानं खिशातून फोन काढला आणि बुवांच्या पुढं धरला. 'आबा कुठे?' हे ॲप त्यानं स्वतः लिहिलेलं. आधी आपल्या घरापुरतं, मग मित्रांनी मागितलं, मग ओळखपाळख नसलेल्या लोकांनी. पेपरात फोटो आला होता. तो आपण फ्रेम करून लावलेला नाही असं सुयोग सगळ्यांना सांगतो. लावलेला आहे, दिवाणखान्यात, टीव्हीच्या वर.

"आबांच्या गळ्यात पिशवी आहे बघा, त्यात एक फोन आहे. तो आपली जागा काढतो आणि माझ्याकडे पाठवतो. हा निळा ठिपका म्हणजे आबा."

"त्या फोनला कसं कळतं?"

"वर उपग्रह फिरतात. ते सारखे आपली वेळ सांगत असतात, फोन नुसता ऐकतो. चार उपग्रहांचं ऐकू आलं की हिशेब करतो, की मी इथं आहे."

"चौघांचं ऐकल्याबिगर सोताचा ठिकाना लागत न्हाई म्हन की त्याला."

"नाही लागत."

"शानं यंत्र हाय," बुवा म्हणाले. "तू घरी किती जनांचं ऐकतोस?"

सुयोग हसला, पण फार नाही.

"आनि कोंडिबाला इचारलंस, की बाबा रं, तुझा ठिकाना ह्या फोननं मला सांगितला तर चालंल का?"

"विचारावंच लागतं. परवानगी दिल्याशिवाय फोन जागा देतच नाही. पाटी येते समोर, परवानगी द्यायची का म्हणून. हो किंवा नाही दाबायचं."

"मग त्यानं काय दाबलं?"

"...मीच दाबलं. हो म्हणून. त्यांना काय कळतंय त्यातलं?"

खाली पाण्याच्या बाजूनं एक टिटवी ओरडत गेली.

"बरं, नकाशा दाखिवतोस. मग?"

"मग सांगतो, हा ठिपका म्हणजे तुम्ही, हे पुणं, ही आपली सोसायटी. आणि हा निळा पट्टा दिसतोय ना, ते धरण, त्याच्या तळाला तुमचं गाव. ते म्हणतात, तुझी आई तिथं वाट बघत आसंल. मग तेही सांगावं लागतं."

"काय?"

"की आई जाऊन बारा वर्षं झाली."

"रोज सांगतोस?"

"खोटं कसं सांगू, बुवा?"

"आनि रोज त्यो काय करतो?"

सुयोगनं मान खाली घातली. रोज आबा काय करतात ते त्याला सांगवेना. पहिल्यांदाच कळल्यासारखे करतात. गुडघ्यात डोकं घालतात आणि म्हणतात, मला कुणी कळवलं का नाही रे? रोज संध्याकाळी त्या घरात सुयोगची आई नव्यानं मरते, आणि वरणाला फोडणी द्यायची तशीच राहते.



"आत्ता कोंडिबा कुटं हाय?" बुवांनी विचारलं.

सुयोगनं फोनकडे पाहिलं. "हा काय. तुमच्या झोपडीमागं, मी बसवलं होतं त्या दगडावर."

"बघ."

"बघितलं की."

"मान वळवून बघ, लेका."

सुयोगनं मान वळवली. दगडावर पाण्याची बाटली होती. आबा नव्हते.

फोनवर मात्र निळा ठिपका ऐटीत त्याच दगडावर, नकाशातल्या धरणाच्या कडेला बसून होता.

क्षणात सुयोगला सगळं कळलं, कारण करणी त्याचीच होती. इथं रेंज धड नाही; आबांना दगडावर बसवलं तेव्हा होती, मग गेली. आबांच्या फोनकडून नवी जागा येत नव्हती, आणि नवी आली नाही तर जुनीच दाखवत राहायची, असं त्यानंच लिहून ठेवलं होतं. पडदा रिकामा दिसला की लोक घाबरतात. ठिपका दिसत राहिला की निवांत असतात. या युक्तीबद्दल त्याच्या टीमनं टाळ्यासुद्धा वाजवल्या होत्या.

"बुवा, खाली पाणी किती आहे?"

"जुन्या नदीत हाय की. पुरुषभर आसंल."

सुयोग धावत सुटला.

"आबा! ओ आबा!"

डोंगरानं हाक तशीच परत दिली. चिखलाच्या भेगांत बूट अडकत होते. देवळाच्या पायऱ्या गेल्या. कुणाकुणाची जोती गेली, हळदकुंकू वाहिलेले उंबरे गेले. ही कुणाची घरं, त्याला काही आठवत नव्हतं. गाव उठलं तेव्हा तो नुकता शाळेत जायला लागला होता. पुढं पाण्याची चकाकती कड दिसत होती आणि तिथं कुणी दिसत नव्हतं. 'देवा, एवढ्या वेळेला सापडू दे,' तो मोठ्यानं म्हणाला, आणि देवाबिवाला तो मानत नाही हेही विसरला.

मग त्याला पांढरी टोपी दिसली.

नदीच्या अलीकडे, एका जोत्याच्या आत, आबा मांडी घालून बसले होते. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. सुयोगनं इतका मोठा श्वास सोडला, की छातीत दुखलं. तो नाकासमोर तसाच पळत त्यांच्याकडे निघाला. जोत्यावर चढण्यासाठी त्यानं पाय उचलला.

"आरं ए! भिंतीतनं येतोस व्हय?"

सुयोग एका पायावर थांबला.

"येड लागलं का काय? दारातनं ये."

पुण्यात गेली दोन वर्षं हा आवाज कुणी ऐकला नव्हता. तिथं आबा बोलत ते चाचरत, परक्याच्या घरी पाणी मागावं तसं. हा घरच्या धन्याचा आवाज होता. सुयोगनं उचललेला पाय मागे घेतला. तो जोत्याला वळसा घालून गेला, तर पूर्वेच्या अंगाला एक दगडी उंबरा होता. उंबऱ्याबाहेर आबांच्या चपला नीट जोडीनं ठेवलेल्या. त्यानं खाली बसून बुटाच्या नाड्या सोडल्या, बूट चपलांशेजारी ठेवले आणि उंबरा ओलांडला. वर उघडं आभाळ होतं, तरी त्यानं डोकं खाली वाकवलं. या दाराला पूर्वी वाकावं लागायचं, हे त्याच्या मानेलाच आठवलं.

"कुटं हुतास एवढा येळ?" आबांनी विचारलं. "तुझी आई हाका मारून दमली."

सुयोगच्या तोंडात नेहमीचं वाक्य आलं. आबा, आई जाऊन...

ते त्यानं गिळलं.

"कुठं आहे आई?"

"गोठ्यात. धारा काढतीया. यील आता. बस."

तो बसला. जमीन दिवसभराच्या उन्हानं ऊन होती. आबा एकेक सांगत गेले आणि तो ऐकत गेला. इकडं चूल. तिकडं रांजण. तो खड्डा दिसतोय ती उखळी, तिच्यात तू लहानपणी बसून राहायचास, आणि निघता येईना की बोंब मारायचास. सुयोगला उखळीतला गारवा आठवला. नाचणीच्या भाकरीचा करपलेला वास आठवला, माळ्यावरून आंबे उतरवताना खाली उभी राहिलेली आई आठवली, तिच्या हातातल्या बांगड्यांचा आवाजसुद्धा. इतकी वर्षं यातलं काहीही त्याच्याकडे नव्हतं. आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्याला रडू येत होतं आणि त्यानं ते येऊ दिलं.

सूर्य डोंगरामागं गेला. खोऱ्यात सावली उतरली. ही ती वेळ होती. आता आबा टोपी नीट करणार. आता उठणार. आता म्हणणार, चल, घरी चल.

आबांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"दिवेलागण झाली," ते म्हणाले. "मागलं दार लाव जा. लक्ष्मी पुढनं यायची न् मागनं निघून जायची. तुझ्या आईनं येऊन बघितलं तर बोलंल."

सुयोग उठला. पेपरात फोटो आलेला, चारचौघांत मान ताठ ठेवून चालणारा सुयोग उतेकर अनवाणी पायांनी जोत्याच्या पश्चिमेच्या टोकाला गेला. तिथं दोन दगडांच्या मधे नुसती वाट होती, तिच्या पलीकडं पाणी. त्यानं हात पुढं केला, दोन्ही फळ्या ओढून घेतल्या आणि कडी लावली.

"लागली का?" आबांनी विचारलं.

"लागली."

तेवढ्यात खिशातला फोन किंचाळायला लागला. कुठूनतरी रेंजची एक कांडी आली असावी. आबांच्या फोननं आपली खरी जागा एकदाची पाठवली होती. धरण आटलंय हे नकाशाला ठाऊक नव्हतं; पडद्यावर सगळीकडं निळंशार पाणी आणि त्या पाण्याच्या मधोमध निळा ठिपका. वर लाल अक्षरं: आबा पाण्यात आहेत. हा इशारा घरच्या सगळ्यांच्या फोनवर एकदम जातो. तीही त्याचीच करामत.

लगेच ताईचा फोन आला. ही त्याची थोरली बहीण, सोमवारचं ठरवणारी.

"सुयोग! अरे, आबा पाण्यात... काय झालं? बोल ना! कुठं आहेत आबा?"

"ताई, रडू नको. आबा घरी आहेत."

"पुण्याला पोचलात? मग हे..."

"नाही. घरी आहेत. आपल्या."

त्यानं वळून आबांकडे पाहिलं.

"टोपी काढून बसलेत," सुयोग म्हणाला. "दिवेलागण झाली म्हणाले. मला मागचं दार लावायला लावलं. मी लावलं, ताई."

फोन कटला की काय म्हणून त्यानं पडदा बघितला.

"त्याची कडी वर ढकलावी लागते," ती हळूच म्हणाली. "नाहीतर लागत नाही. वाऱ्यानं उघडतं."

सुयोग परत मागं गेला आणि कडी वर ढकलून आला.

"ताई, सोमवारचं राहू दे."

"...हं," ताई म्हणाली.

फोन ठेवून त्यानं वळून पाहिलं, तर बुवा उंबऱ्याबाहेर उभे होते. कधी आले, किती वेळ उभे होते, कोण जाणे. आबांनी पाहिलं आणि गडबडीनं उठायला लागले.

"बुवा! आवं, भाईर का? या, आत या. चहा टाकाय सांगतो."

"टाक की," बुवा म्हणाले, पण जागचे हलले नाहीत. आबा चुलीच्या जागेकडं तोंड करून कुणालातरी चहाचं सांगू लागले.

सुयोग उंबऱ्यापाशी आला. आवाज खाली आणून त्यानं विचारलं,

"बुवा, अंधार व्हायच्या आत आम्हाला निघायला हवं. पाऊस लागला की हे सगळं परत पाण्याखाली जाईल. उद्या पुण्यात दिवेलागणीला आबा पुन्हा म्हणणार, घरी चल. ना तिथं ही चूल, ना हा उंबरा. तेव्हा मी त्यांना काय सांगू?"

बुवांनी त्याच्याकडं पाहिलं, मग आत आबांकडं. पायातल्या वहाणा काढून त्यांनी आबांच्या चपलांशेजारी ठेवल्या.

"सांगू नगंस," ते म्हणाले. "दार कुटल्या अंगाला हाय, एवढं त्यालाच इचार."